पातालकोटची जुनी पायवाट : नागपुरातून निघणाऱ्या एका गटसहलीचे परीक्षण

मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या पुढे असलेल्या पातालकोट दरीला जाणारे बहुतेक नागपूरकर रातेडच्या कड्यावरून दरीचे छायाचित्र काढतात, दरीच्या अलीकडच्या तामिया गावात चहा घेतात आणि दिवे लागायच्या आत सौंसर ओलांडतात. दरीत पायी उतरवून गावात मुक्काम घडवणारी सहल शहरातील मोजकेच आयोजक नेतात. त्यांपैकी एकाबरोबर आम्ही डिसेंबरात जाऊन आलो. माणशी साडेतीन हजार रुपयांत गाडी, वाटाड्या, एक रात्र आणि चार वेळचे खाणे असा हा व्यवहार होता. ज्या गोष्टीची जाहिरात मोठी होती तीच लंगडी निघाली आणि पत्रकात एका ओळीत उरकलेल्या वाटाड्यानेच सहल तारली, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

कोराडी मार्गाने सावनेर, पुढे सौंसर, सिल्लेवानीचा घाट आणि छिंदवाडा असा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा पहिला टप्पा, सावनेरपासून पुढे राष्ट्रीय महामार्ग ५४७ वरून, सुखाने पार पडतो. सौंसरपर्यंत दुकानांत मराठी चालते आणि दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा असतात, त्यामुळे आपण मध्य प्रदेशात शिरलो आहोत हे घाट लागेपर्यंत फारसे जाणवत नाही. ज्यांना रस्त्याचा कंटाळा आहे त्यांनी इतवारीहून रेल्वेने छिंदवाडा गाठावे, कारण २०१५ मध्ये बंद झालेल्या नॅरोगेजच्या जागी आता ब्रॉडगेज आहे. मात्र तिथून पुढे स्वतंत्र वाहन ठरवावेच लागते.

खरी कसोटी तामियानंतर सुरू होते. रस्ता अरुंद आहे, वळणे आंधळी आहेत, आणि दरीच्या दिशेने उतरू लागल्यावर काही ठिकाणी पावसाळ्यात वाहून गेलेली बाजूपट्टी तशीच उघडी पडलेली दिसते. आयोजकाने ‘थेट दरीपर्यंत आरामदायी वाहन’ असे लिहून दिले होते आणि प्रत्यक्षात सतरा आसनांचा टेम्पो ट्रॅव्हलर आणला होता. त्याचे पोट एका वळणावर दगडाला घासले, चालकाने खाली उतरून पाहिले आणि पुढे जाण्यास साफ नकार दिला. नकार योग्यच होता. माझा आक्षेप त्या चालकावर नाही. ज्या आयोजकाने ही वाट आधी केल्याचे सांगितले होते, त्याला हे वाहन इथवर येणार नाही हे ठाऊक असणारच. शेवटच्या टप्प्यासाठी गावातील जीप बोलवावी लागली, तिचे भाडे आमच्याकडून वेगळे घेण्यात आले आणि पावती मागितल्यावर ‘नागपूरला पोचलो की देतो’ असे उत्तर मिळाले. ती पावती अजून मिळालेली नाही.

पायवाटेच्या अवस्थेचा दोष मात्र आयोजकाकडे जात नाही. घोड्याच्या नालेच्या आकाराची ही दरी कड्यापासून बाराशे ते पंधराशे फूट खोल आहे. तिच्यात बारा गावे वसलेली असून तळातून दुधी नदी वाहते. येथील भारिया समाजाला सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटात स्थान दिले आहे. त्याच्यासोबत गोंडांचीही वस्ती आहे. काही गावांपर्यंत मोटारीचा रस्ता पोचल्यापासून गावकरी बाजारहाटाला त्याच रस्त्याने जातात आणि जुन्या उतरणीकडे कोणी फिरकत नाही. वापरात नसलेली वाट जंगल लगेच परत घेते, तसेच इथे झाले आहे. वरच्या भागात दोन्ही बाजूंनी घाणेरीच्या जाळ्या आत सरकल्या आहेत, मधल्या उतारावर पूर्वी रचलेल्या दगडांच्या पायऱ्यांतील माती धुऊन गेल्याने दगड सुटे झाले आहेत, आणि खाली वाळलेल्या पाचोळ्याच्या थराखाली काय आहे हे पाय टाकल्याशिवाय कळत नाही. खुणेचे दगड, फलक, रंगाचे पट्टे यांतले काहीही नाही. मोबाईलचा संपर्क उतरू लागल्यावर थोड्याच वेळात गेला आणि वर येईपर्यंत आला नाही.

अशा ठिकाणी वाटाड्या कसा असावा, हे आमच्याबरोबरच्या भारिया तरुणाने काही न बोलता दाखवून दिले. निघण्यापूर्वी त्याने सगळ्यांचे बूट उलटे करून तळवे पाहिले, दोघांचे गुळगुळीत तळवे पाहून त्यांना बांबूच्या काठ्या तोडून दिल्या आणि त्या दोघांना स्वतःच्या मागे ठेवले. सुट्या पायरीवर तो आधी टाच रोवायचा, दगड हलला तर तो उपटून बाजूला टाकायचा आणि मगच पुढे सरकायचा. त्यामुळे आम्ही संथ गेलो, पण एकही जण घसरला नाही. आमच्यातील साठीच्या काकूंना त्याने थांबण्याच्या जागा आधीच सांगून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक जागी खरोखरच सावली व बसण्याजोगा खडक होता. ओढ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडाची साल काढण्यासाठी एका सहप्रवाशाने चाकू बाहेर काढला तेव्हा मात्र हा शांत मुलगा पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. २०१९ साली पातालकोटला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. पण त्याने त्याचा उल्लेख केला नाही. ‘भैया, इसी पेड से हमारे भूमका दवाई लेते हैं’, एवढेच म्हणाला. भूमका म्हणजे येथील पारंपरिक वैद्य. साल कुठल्या बाजूने, किती आणि कधी घ्यायची याचे त्यांचे नियम त्याने पुढच्या चढाउतारावर समजावून सांगितले. आयोजकाच्या प्रतिनिधीने एवढा वेळ दिला असता तर बरे झाले असते. तो बहुतेक वेळ गटाचे व्हिडिओ काढण्यात गुंतलेला होता.

पत्रकात ‘जिथे सूर्य पोचत नाही’ असे एक वाक्य आहे. ते खरे नाही आणि त्याची गरजही नाही. कड्यांच्या उंचीमुळे दरीच्या काही भागांत ऊन उशिरा उतरते आणि दुपार कलताच निघून जाते, इतकेच. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की परतीचा चढ दुपारच्या जेवणानंतर सुरू केल्यास वाटेतच सावली दाटते. आम्हाला तसेच निघायला लावले जात होते. वाटाड्याने हट्ट धरला म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच चढलो.

मुक्काम एका घराच्या पडवीत होता. सारवलेली जमीन, गोधड्या आणि बाहेर शेकोटी एवढ्यावर थंडी निभावली, परंतु अंगातील गरम कपडे उतरवण्याची सोय नव्हती हेही नमूद करतो. जेवण मात्र उत्तम होते: कुटकी या बारीक भरडधान्याचा भात, मक्याच्या जाड भाकरी आणि पाट्यावर वाटलेली टोमॅटोची चटणी, तीही माहुल वेलीच्या पानांच्या पत्रावळीवर. नागपुरी जिभेला तिखट कमी वाटेल, तेव्हा सोबत ठेचा न्यावा. शौचालय घरापासून दूर आहे आणि रात्री टॉर्च लागतो. आयोजकाच्या सामानाच्या यादीत टॉर्चचा उल्लेख नव्हता.

या सेवेला मी पाचपैकी दोन गुण देईन आणि ते दोन्ही वाटाड्या व जेवण यांचे आहेत. वाहन, माहिती आणि हिशेब या तिन्ही बाबतींत आयोजक नापास आहे. चार-सहा जणांचा गट असेल तर जमिनीपासून उंच असलेली स्वतःची गाडी घेऊन तामियापर्यंत जावे, वाटाड्या तिथे किंवा पुढच्या गावात चौकशी करून ठरवावा आणि त्याचे पैसे त्याच्याच हातात द्यावेत. आमच्या साडेतीन हजारांपैकी त्याला काय मिळाले हे विचारल्यावर तो नुसता हसला, म्हणून आम्ही वर्गणी काढून त्याला वेगळी रक्कम दिली. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी रातेडचा कडाच पाहावा. पावसाळ्यात ही उतरण करू नये, कारण सुटे दगड ओल्या मातीत पायाखालून निघतात. मार्च-एप्रिलमध्ये जायचे असल्यास वाटाड्याशी आधीच बोलून ठेवावे. त्या दिवसांत मोहाची फुले पडतात, घरातील लहानथोर पहाटेपासून ती वेचायला जंगलात असतात आणि ते काम आटोपेपर्यंत कोणी कुणाबरोबर दरी उतरायला मोकळे नसते.