आण्णांचं मृत्युपत्र आणि साताऱ्यातल्या वकील मॅडम: काही महिन्यांनंतरचा अनुभव

साताऱ्यात कोर्टाच्या आसपास दिवाणी, फौजदारी, महसूल अशा पाट्या हव्या तेवढ्या आहेत. पण म्हाताऱ्या आईवडिलांचं घर, शेत, ठेवी, मृत्युपत्र हे सगळं एकत्र बघणारा वकील विचारत विचारतच शोधावा लागतो. आम्हाला या मॅडम ओळखीतल्या एका निवृत्त तलाठ्यांनी सुचवल्या. काम पावसाळ्यात सुरू झालं, आता उन्हाळा आलाय. नाव इथे लिहीत नाही, पण अनुभव सविस्तर लिहितो.

त्याआधी एका वकिलांकडे जाऊन आलो होतो. ते आण्णांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, बोललेच नाहीत, सगळं माझ्याशी. "घराचं बक्षीसपत्र करून टाका मुलाच्या नावे. मुद्रांक २०० रुपये, विषय मिटला." २०० रुपयांचं खरं आहे. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाबाळांना, नातवंडांना बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक तेवढाच, वरचे खर्च वेगळे. पण बक्षीसपत्र नोंदलं की घर दुसऱ्याचं झालं. मृत्युपत्र माणूस हयातीत केव्हाही बदलू शकतो. मॅडमचं म्हणणं, द्यायचंच असेल तर "सांभाळ करीन" ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. मग पुढे हेळसांड झाली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात ते रद्द करून मागता येतं. आण्णांनी बक्षीसपत्राचा विषय तिथेच सोडला.

पहिल्याच भेटीत मॅडमनी मला बाहेर बसवलं. "फी तुम्ही देताय, पण पक्षकार गुरुजी आहेत." आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे त्या त्यांना गुरुजीच म्हणतात. आत काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. तेव्हा जरा लागलंच मनाला. पण वकील निवडताना मी आता हीच गोष्ट आधी बघेन. आण्णा बाहेर आले आणि जिना उतरताना एवढंच म्हणाले, "बाई शहाणी आहे."

शाहूपुरीतलं घर आण्णांनी पगारातून, कर्ज काढून बांधलं. ते स्वकष्टार्जित, कोणालाही देता येतं. खरी गुंतागुंत कोरेगाव तालुक्यातल्या जमिनीची होती. आण्णांच्या डोक्यात पक्कं होतं, जमीन दोघा मुलांना, मुलींची लग्नं करून दिली. मॅडमनी नुसत्या सातबाऱ्यावर काही बोलायला नकार दिला आणि जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढायला लावले. पणजोबांच्या नावचा फेरफार निघाला तो मोडी लिपीत. वाचणारा माणूस शोधण्यात बरेच दिवस गेले. पण जमीन १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधीपासून कुटुंबात चालत आलेली, म्हणजे वडिलोपार्जित आहे हे त्यावरूनच कळलं. मग त्यांनी कागदावर वंशावळ काढली आणि सांगितलं, "गुरुजी, मृत्युपत्रात फक्त तुमचा हिस्सा लिहा. मुलींचा हिस्सा त्यांना जन्मानेच आहे." त्या कायद्याची २००५ ची दुरुस्ती आणि तिच्यावरचा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांनी शांतपणे समजावला. लग्न कधी झालं याला त्यात महत्त्व नाही. आण्णा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लिहा तसं."

आईचं कलम मला सर्वात आवडलं. आण्णांच्या पाठीमागे आई हयात असेपर्यंत घरात राहणार, तिला उठवायचं नाही, तोवर घर विकायचं नाही, असं साध्या मराठीत लिहिलंय. साक्षीदार दोन, दोघेही आण्णांपेक्षा वयाने लहान आणि मिळकतीशी संबंध नसलेले. त्यातले एक आमचे डॉक्टर, त्यांनी त्याच तारखेचा मन सुदृढ असल्याचा दाखलाही दिला. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, तरी केली. आजारी माणसासाठी दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात, पण आण्णा कोट घालून स्वतः गेले. बोटांच्या रेषा झिजलेल्या, यंत्र अंगठा घेईना. ओल्या फडक्याने पुसून पुसून शेवटी एकदाचा उमटला.

बँकेचंही मॅडमनीच विचारलं. ठेवींवर नॉमिनी धाकटा भाऊ होता आणि पैसे त्याचेच, असं घरात सगळे धरून चाललेले. नॉमिनी फक्त रक्कम ताब्यात घेतो, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्राप्रमाणे. मृत्युपत्रात ठेवींचा वेगळा परिच्छेद आला तो त्यामुळे.

आता तक्रारी. मॅडम फोन उचलत नाहीत. कोर्टाच्या दिवशी तर नाहीच, संध्याकाळी ऑफिसात जाऊन बसावं लागतं. फी साताऱ्याच्या मानाने जास्त, पण आधीच लिहून दिली आणि नंतर वाढवली नाही. पहिल्या मसुद्यात टायपिस्टने गट नंबर चुकवला होता. तो आण्णांनीच पकडला, लाल पेनाने गोल करून. मसुदा घरच्या माणसाने सातबाऱ्याशेजारी ठेवून वाचलाच पाहिजे, वकील कितीही चांगला असो.

एक काम अजून राहिलंय. धाकटी बहीण आपणहून हक्कसोडपत्र द्यायला तयार आहे. आम्ही म्हटलं, मॅडम, तेही करून टाका. त्यांनी नाही म्हटलं. "मी गुरुजींची वकील. तिला काय सोडतेय ते सांगणारा तिचा वकील वेगळा हवा." शिवाय ते नोंदणीकृतच लागतं, स्टँप पेपरवर नोटरी करून चालत नाही. बहिणीला अजून वकील मिळालेला नाही, त्यामुळे ते तिथेच थांबलंय.