हेड खाली बसण्याआधी लायनर डोळ्यांसमोर मोजून घ्या

वर्सोव्याला आमची छोटी होडी आहे, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. १ जूनला मासेमारीची बंदी लागली की अख्ख्या बंदरातली इंजिनं एकदमच उघडतात आणि मिस्त्री मिळत नाही. आमचा नेहमीचा मिस्त्री गावाला गेलेला, म्हणून मी मुंबईतल्या दारूखाना भागाच्या बाजूच्या एका वर्कशॉपमध्ये इंजिन टाकलं. त्याचं नाव लिहीत नाही, पण दुसऱ्या कुणाचा हंगाम असा वाया जाऊ नये.

इंजिन थंड ठेवणाऱ्या टाकीतलं पाणी कमी होत होतं. त्याने हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडून सांगितलं, "नाखवा, दोन्ही लायनर गेले, खालची बैठक पण खाल्लीय. नवीन लायनर, बैठकीचं मशीनिंग, हेड फेसिंग, सगळं आलं." ३४,००० रुपये ठरले, कच्च्या चिठ्ठीवर. निदान अगदी बरोबर होतं, त्यामुळेच मी विश्वास टाकला.

लायनर म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ती बदलता येणारी नळी. तिच्या वरच्या कडेची कॉलर ब्लॉकमधल्या खाचेवर, म्हणजे बैठकीवर, टेकते आणि ती ब्लॉकच्या वर किंचित उठलेली लागते. आमच्या इंजिनाच्या पुस्तकात ०.०५ ते ०.१० मिलिमीटर दिलंय, म्हणजे फार तर वहीच्या कागदाएवढी. तेवढ्याच उंचीवर गॅस्केटची, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या सीलची, कडी दाबली जाते. बैठक गंजून झिजली की लायनर खाली जातो, कडी सैल राहते आणि जळता गॅस पाण्यात शिरतो. मग बैठक मशीनवर सपाट करून कॉलरखाली मापाची पत्ती घालावी लागते. नुसतं गॅस्केट बदलून काही होत नाही.

इंजिन परत आलं तेव्हा रंग नवा कोरा. सकाळी मात्र पटकन चालू होईना, पांढरा धूर यायचा. फोन केला तर म्हणाला, "रिंगा बसू देत." मी ऐकलं. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात भर समुद्रात जोर लावला आणि टाकीत बुडबुडे आले. ऑइलची काठी काढली तर दुधाच्या चहासारखं ऑइल. चुलतभावाच्या होडीने दोर टाकून ओढत आणलं.

मढच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी हेड उघडलं. आत एकावर एक दोन गॅस्केटं, मध्ये सोल्युशन फासलेलं! सुरीने सोडवली तर दुसऱ्या सिलिंडरपासून पाण्याच्या भोकापर्यंत काजळीची सरळ रेघ. दोन गॅस्केटांमुळे हेड उचललं गेलेलं, कॉम्प्रेशन पडलेलं, म्हणून तो धूर. काकांनी ब्लॉकवर स्टीलची पट्टी आडवी धरली; पट्टी आणि कॉलरच्या मधून ०.१५ मिलिमीटरची फीलर पत्ती (फट मोजायची पातळ पट्टी) आरामात गेली. लायनर वर असायच्या जागी खाली बसलेला. बैठकीला हातच लावला नव्हता.

लायनर बाहेर काढले. लाल रंग नखाने खरवडला, खाली टाचणीच्या टोकाएवढे जुने खड्डे. आतल्या बाजूला वरच्या कडेशी बोट फिरवलं, तिथे नख अडकलं. नव्या लायनरला ती पायरी नसते. माझेच जुने लायनर होनिंग करून (आतून घासून), रंगवून मला नवीन म्हणून विकले होते. वर्कशॉपवाला म्हणाला, "तुम्हीच कमी पाण्यावर चालवलंत." पक्कं बिल नव्हतं, काय दाखवणार?

तुम्ही काम द्याल तेव्हा जुने लायनर परत मागा, पक्क्या बिलाशिवाय आगाऊ देऊ नका आणि हेड बसवायच्या दिवशी तिथे हजर राहा. फीलर गेज नागदेवी स्ट्रीटला मिळतो. माप घेताना लायनरवरच्या रबराच्या रिंगा काढलेल्या हव्यात, नाहीतर रबर लायनरला वर धरून ठेवतं आणि खोटं माप येतं. लायनर पट्टी-बोल्टने खाली दाबून प्रत्येकी चार ठिकाणी मोजायला लावा. मिस्त्री कंटाळला तरी मोजायला लावा.

या वेळी काकांनी बैठक सपाट करून घेतली, पत्त्या घातल्या आणि डायल गेज लावला. पहिल्याला ०.०७, दुसऱ्याला ०.०८. आकडे त्यांनी खडूने ब्लॉकच्या कुशीवर लिहिले, मी फोटो काढला, मग एकच गॅस्केट ठेवून हेड खाली घेतलं.