दोन दिवसांत खाज थांबवणारी ट्यूब

आमचं घर दाभोळच्या खाडीलगत. आषाढात लावणी सुरू झाली की सकाळपासून आम्ही बायका गुडघाभर चिखलात असतो. डोक्यावर इरलं असलं तरी कमरेखालचं सगळं ओलंच राहतं, आणि घरी येऊन बदलायचं तर वाळलेलं काही नसतं. चुलीवरच्या दोरीला टाकलेला परकर धुराचा वास घेऊन तसाच दमट अंगावर चढतो. गेल्या पावसाळ्यात परकराच्या नाडीखाली मला गोल चट्टा उठला. कडेला बारीक पुटकुळ्या, मध्ये थोडं साफ, आणि घाम आला की जीव नकोसा करणारी खाज. आमच्याकडे याला नायटा म्हणतात, कोणी गजकर्ण म्हणतात. सासूबाईंनी टाकळ्याचा पाला वाटून लावायला सांगितला. दोन दिवस लावला, आग झाली, सोडून दिला.

जागा कमरेची, दाखवणार कुणाला? बाजाराला गेले तेव्हा औषधाच्या दुकानात हळूच विचारलं. दुकानदार ओळखीचा, वहिनी म्हणून हाक मारणारा. म्हणाला, "वहिनी, डॉक्टरकडे कशाला पैसे घालवता? ही नायट्याचीच क्रीम आहे. दोन दिवसांत फरक नाही पडला तर मला सांगा." खोक्यातून काढून नुसती ट्यूब दिली. तिच्या पाठीवर 110 रुपयांची मोठी चिकटी लावलेली होती. बिल मागितलं तर "एका ट्यूबचं काय बिल?" म्हणाला. मीही पुढे काही बोलले नाही.

दुसऱ्याच रात्री खाज थांबली. मला इतकं बरं वाटलं की मी शेजारच्या दोघींना त्या दुकानाचं नाव सांगितलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

आठवड्याने लावायचं बंद केलं आणि चार दिवसांत चट्टा परत आला, आधीपेक्षा मोठा. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा चट्टा. दुकानदार म्हणायचा, "पावसाळा आहे, असं व्हायचंच. सोडू नका." गणपती येईपर्यंत चट्टे पाठीवर आणि जांघेत गेले होते. ह्यांनाही झालं, तेही तीच ट्यूब लावू लागले. घरात पंचा एकच होता आणि कपडे एकाच बादलीत भिजत होते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

मुलीचं मात्र मनाला फार लागलं. अकरावीत आहे ती. गालावर छोटा चट्टा आला म्हणून मीच तिला ती क्रीम दिली. चट्टा फिका पडला, कातडी गुळगुळीत आणि उजळ दिसू लागली, तशी ती मला न सांगता रोज सगळ्या तोंडाला लावू लागली. दिवाळीपर्यंत तिचा चेहरा लालबुंद झाला. उन्हात गेली की आग, गालभर पुटकुळ्या, ओठावर लव वाढलेली. आरशासमोर रडत बसलेली पाहिली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं चिपळूणला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "काय लावत होता? ट्यूब आणलीत का?" पिशवीत होती. त्यांनी कापूस ओला करून ती किमतीची चिकटी सोलली. खाली चार नावं अधिक चिन्हांनी जोडलेली होती आणि त्यातलं पहिलं क्लोबेटासोल. बाजूला लाल अक्षरांत, डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकण्याचं औषध, अशी सूचना. चिकटी नेमकी या दोन्हींवर होती.

क्लोबेटासोल हे फार जोरकस स्टिरॉइड आहे. त्याने सूज, लाली आणि खाज झटकन दबते, कारण कातडीचं स्वतःचं लढणंच ते दाबून टाकतं. नायटा ज्या बुरशीने होतो ती मात्र मरत नाही, पसरत राहते. चट्ट्याची गोल कडही पुसली जाते, त्यामुळे रोग ओळखायलाही अवघड होतो. बाईंनी पात्याने कातडीचा कोंडा खरवडून काचेवर घेतला, औषधाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बुरशीचे धागे निघाले. म्हणजे चार महिने आम्ही पैसे देऊन तिला पोसत होतो. माझ्या कमरेवर आणि ह्यांच्या जांघेत रुंद लालसर रेघा पडल्या आहेत, बाळंतपणानंतर पोटावर पडतात तशा. त्या जाणार नाहीत, असं बाईंनी स्पष्टच सांगितलं.

अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला सरकारची मनाई आहे. म्हणजे दुकानदाराला माहीत होतं. आपल्याकडची नायट्याची बुरशीही आता चिवट झाली आहे. तिच्या एका जातीला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं, आणि टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही. म्हणून दुसऱ्याचं उरलेलं औषध लावून बघण्यात अर्थ नाही.

आम्हा दोघांना नुसती बुरशीची क्रीम आणि पोटात घ्यायच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या देण्याआधी बाईंनी यकृताचं, चालू असलेल्या इतर औषधांचं आणि दिवस गेलेत का, सगळं विचारून घेतलं. मुलीच्या चेहऱ्याचा इलाज वेगळा, तो त्या दर पंधरा दिवसांनी बघून ठरवतात. क्रीम कशी लावायची हे मात्र मला या वयात पहिल्यांदा कळलं. आंघोळीनंतर जागा पूर्ण कोरडी करायची, प्रत्येकाचा पंचा वेगळा. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत पिळलेली क्रीम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन-दोन बोटांवर सुरुवात करून तिथून आत लावत यायचं. आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही बाई सांगतील तितके दिवस लावायचीच. आम्हाला आणखी दोन आठवडे सांगितलं होतं. जुनी ट्यूब बंद केल्यावर आधी खाज भडकेल, हेही त्यांनी बजावलं होतं. भडकलीच. तिसऱ्या रात्री मी फडताळातली जुनी ट्यूब हातात घेतली होती. ह्यांनी ती काढून फेकली.

कपडे आता गरम पाण्यात धुते, पाऊस असला तर उलटे करून इस्त्री फिरवते, विशेषतः नाडीची पट्टी.

ट्यूब घेताना चिकटी असेल तर काढायला लावा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन या स्टिरॉइडांपैकी एकही नाव दिसलं तर नायट्याला ती लावू नका. क्लोट्रिमाझोल, लुलिकोनाझोल ही बुरशीची औषधं, पण तीही एकटी असली पाहिजेत, स्टिरॉइड मिसळलेली नकोत. आणि बिल घ्या. मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायला गेले तेव्हा हातात कागदच नव्हता, जुनी ट्यूबही फेकलेली. तक्रार लिहून दिली आहे.

परवा शेजारची आली. मीच तिला त्या दुकानात पाठवलं होतं. तिच्याकडे अजून ती ट्यूब होती. पडवीत बसून ओल्या फडक्याने चिकटी काढली आणि खालचं नाव तिला वाचून दाखवलं. शनिवारी ती माझ्याबरोबर चिपळूणला येते आहे, ट्यूब घेऊन.