राई की माळ: भुंगेऱ्यांच्या दृष्टीने जमीन कशी राखावी

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर ज्यांच्याकडे थोडी राई (दाट झाडी) आणि थोडा माळ (उघडे गवताळ रान) अशी जमीन आहे, त्यांना आज ना उद्या ठरवावे लागते की माळावर झाडे लावावीत, की तो माळच राहू द्यावा. याचे उत्तर भुंगेऱ्यांकडे पाहून शोधले तर बरेच नेमके मिळते, कारण सुमारे ४ लाख ज्ञात जातींचा हा कीटकगण माती, शेण, पाने आणि लाकूड या सर्वांत राहतो आणि जमिनीच्या वापरात झालेला बदल त्याला लगेच जाणवतो.

राईतल्या भुंगेऱ्यांचा मोठा वाटा मेलेल्या लाकडावर जगतो. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या अनेक जातींच्या अळ्या वठलेल्या खोडात महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षे लाकूड पोखरत वाढतात. म्हणूनच, जिथे पडलेली फांदीसुद्धा उचलायची नाही अशी रीत पाळली गेली, त्या देवराया त्यांच्यासाठी मोलाच्या ठरतात. भंडारदऱ्याच्या परिसरात मे-जूनमध्ये झाडे उजळवणारे काजवेही भुंगेरेच आहेत. त्यांच्या अळ्या ओलसर पालापाचोळ्यात गोगलगायींसारखे मऊ जीव खातात, त्यामुळे पाचोळा झाडून पेटवला की पुढच्या वर्षीचे काजवे तिथेच संपतात.

माळाचे गणित वेगळे आहे. व्याघ्र भुंगेरे उघड्या, तापलेल्या मातीवर धावून शिकार करतात आणि त्यांच्या अळ्या तशाच मातीत उभी बिळे करून भक्ष्याची वाट पाहतात. दाट सावली पडली की ही जागा त्यांना निरुपयोगी होते. पावसाळ्यात बाभळीवर दिसणारे सोनपाखरू विरळ झाडीच्या कोरड्या प्रदेशातले आहे. शेणाच्या गोळ्या करून लोटत नेणारे शेणकिडे उन्हातल्या ताज्या शेणावर येतात, आणि राईत सावलीला सापडणाऱ्या शेणकिड्यांच्या जाती पुष्कळशा वेगळ्या असतात. म्हणजे माळावर गिरिपुष्पासारखी झाडे लावून राईचे भुंगेरे येत नाहीत, माळाचे मात्र जातात. महसुली भाषेत ‘पडीक’ म्हटलेल्या अशा जमिनी वृक्षलागवडीच्या उत्साहात सहज बळी पडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

राखणीच्या कष्टांतही मोठा फरक आहे. राईला प्रामुख्याने संयम लागतो: वठलेले झाड धोक्याचे नसेल तर उभे ठेवावे, पडलेले लाकूड सरपणासाठी नेऊ नये, आणि वणव्याची भीती असेल तर जाळरेषेजवळचे (वणवा अडवण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याजवळचे) तेवढे लाकूड आत ओढून ठेवावे. माळाला दरवर्षी हात लावावा लागतो. चराई पूर्ण बंद केली तर गवत माजून उघडी माती झाकली जाते आणि शेणही मिळेनासे होते; अतिचराईत माती घट्ट होऊन बिळे करणाऱ्यांचे हाल होतात. म्हणून माळाचे तीन भाग पाडावेत, मारवेल आणि शेडा या गवतांचे बी पडल्यावर आळीपाळीने कापणी किंवा चराई करावी, आणि सगळा माळ एकाच वर्षी कधीही जाळू नये. जनावरांना आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक औषध दिले असेल तर त्याचा अंश शेणात उतरून शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. पशुवैद्यांच्या सल्ल्याने औषध गरजेपुरतेच द्यावे आणि त्यानंतर काही दिवस जनावरे गोठ्यातच ठेवावीत.

शेजारी ऊस असेल तर हुमणीची, म्हणजे पिकाची मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीची, शंका येणारच, आणि ती रास्त आहे. वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते वेचून नष्ट करणे, रात्रभर प्रकाशसापळा पेटता ठेवण्यापेक्षा बरे, कारण त्या उजेडाकडे इतर असंख्य कीटकही ओढले जातात आणि राईलगतच्या काजव्यांच्या मीलनात व्यत्यय येतो.

माझे मत असे की पैसा आणि मजूर मोजकेच असतील तर ते माळावर लावावेत आणि राईला फक्त मोडू देऊ नये. अपवाद एकच: ज्या माळावर माती खोल आहे आणि ऐन-हिरड्याच्या जुन्या बुंध्यांना धुमारे फुटत आहेत, तो मुळात तोडलेले जंगल आहे. तिथेही रोपे आणून लावण्याआधी कुऱ्हाड आणि वणवा यांपासून पाच-सहा वर्षे संरक्षण देऊन पाहावे. जिथे माती वीतभर, बोर-हिवर विरळ आणि कुसळी गवत दाट आहे, तिथे खड्डे खणूच नयेत.