छोट्या पीससाठीचा पॅटर्न सेट: माप बरोबर विचारतो, कापड कसलंय ते नाही

कपाटात जपून ठेवलेला अर्धा मीटरचा पीस, ज्याला कात्री लावायला हातच धजत नाही, अशा कापडांसाठी म्हणून हा शिवणाचा पॅटर्न सेट, म्हणजे कापायच्या आकारांचे नमुने, विकतात. ऑनलाइन घ्यायचा, पीडीएफ येते, प्रिंट घरी काढायची. नाव मुद्दाम देत नाहीये, थोड्या तक्रारी आहेत आणि असे सेट बरेच मिळतात, त्यामुळे कुठलाही घेताना हे बघून घ्या.

आवडलं काय तर पानं मापाप्रमाणे लावलीत. पीस पसरायचा, काठ सोडून लांबी-रुंदी मोजायची आणि त्या मापाचं पान काढायचं. 45 बाय 55 सेंमी असेल तर चेनचं पाउच, नाडीची पिशवी, चष्म्याचं कव्हर, त्याहून लहान असेल तर टाचण्यांची गादी नाहीतर हेअरबँड, आणि 112 सेंमी पन्ह्याचा (रुंदीचा) अर्धा मीटर असेल तर बकेट हॅटसुद्धा बसते, अस्तर मात्र दुसऱ्या कापडाचं घ्यायचं. नाहीतर आपण काय करतो, आधी मनात पिशवी ठरवतो आणि मग कापड चार बोटं कमी पडलं की पीस परत घडी करून कपाटात. शिवाय कुठला तुकडा कुठून कापायचा याचा नकाशा प्रत्येक पानावर आहे, कापडाचा उभा धागा कुठल्या दिशेला हवा त्याचा बाण काढून, आणि माया (शिवणीसाठी सोडायचं जास्तीचं कापड) धरलीय की नाही तेही लिहिलंय, हे फार कमी लोक नीट लिहितात.

पाउचचं पान तर मस्तच. चेनच्या दोन्ही टोकांना कापडाचे छोटे तुकडे लावायला सांगितलेत, त्यामुळे कोपऱ्यात चेनची जाड गाठ होत नाही आणि कोपरे छान टोकदार निघतात. बाजू शिवायच्या आधी चेन अर्धी उघडी ठेवा हे ठळक अक्षरात दिलंय (नाही ठेवली तर पाउच उलटवणार कुठून!). तळाच्या कोपऱ्यांतून दीड इंचाचे चौकोन कापले की तळ तीन इंच रुंद होतो, हा हिशोबही चित्रासकट आहे, म्हणजे पाउच उभं राहायला हवं असेल तर आपलं आपल्याला माप बदलता येतं.

आता तक्रार. हा सेट फक्त माप विचारतो, कापड कसलंय ते विचारतच नाही. पाउचचा तुकडा तळाशी घडीवर, म्हणजे पुढची-मागची बाजू एकसंध, कापायला सांगितलाय, साध्या किंवा बारीक बुट्ट्यांच्या कापडाला काही फरक पडत नाही, पण प्रिंटमध्ये पक्षी किंवा झाडं असतील तर पुढून सरळ आणि मागून सगळे पक्षी डोक्यावर उभे. तिथे दोन वेगळे तुकडे कापून तळाला शिवण द्यायची, दोन्हीकडे माया जास्त धरायची, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? मोठ्या फुलांच्या प्रिंटचंही तेच, चष्म्याच्या कव्हरवर अर्धी पाकळी आणि एक देठ येतो, असं कापड सपाट आणि मोठ्या तुकड्याच्या वस्तूलाच वापरावं. रेयॉनसारखं लुळं कापड पाउचला घ्यायचं तर आतून फ्युजिंग (इस्त्रीने चिकटवायचं कडक अस्तर) हवंच, तेही कुठे नाही. आणि कापायच्या आधी धुऊन इस्त्री करा हे शेवटच्या पानावर! सुती कापड तीन ते पाच टक्के आटू शकतं, 45 सेंमीत दोनेक सेंमी गेले की नकाशाच बसत नाही, म्हणजे मोजायचं ते धुतल्यावर.

गरम भांडी धरायच्या कापडी पकडीचं पान मी वापरू नका म्हणेन, आत कुठलं भरण घालायचं तेच दिलं नाहीये आणि पॉलिस्टरचं घातलं तर ते गरम भांड्याला वितळू शकतं, सुतीच हवं.

एक पान मात्र बघाच, उरेब पट्टीचं, म्हणजे कापड तिरपं कापून काढलेल्या पट्टीचं. 45 सेंमीच्या चौकोनातून 5 सेंमी रुंद पट्टी काढली तर जोड धरून साडेतीन मीटरच्या आसपास निघते. प्रिंट इतकी आवडती की कशातच कापवत नाही, त्यांनी हे करावं, साध्या पिशवीला, कुर्त्याच्या गळ्याला कडेने लावली की ते कापड बरीच वर्षं डोळ्यासमोर राहतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. प्रिंट काढताना स्केल 100 टक्के ठेवा आणि पहिल्या पानावरचा चौकोन पट्टीने मोजा, 5 सेंमी भरला तरच पुढची पानं छापा.