ॲव्हरेज अचानक पडलं: जुनी पिकअप आधी कुणाला दाखवायची?

जुन्या डिझेल पिकअपचं ॲव्हरेज वर्षा-दोन वर्षांत थोडंथोडं उतरलं, तर ते समजण्यासारखं आहे. पण मागच्या महिन्यापर्यंत लिटरला बारा-तेरा देणारी गाडी एकदम नऊवर आली, तर काहीतरी चिकटलंय, फाटलंय, अडकलंय किंवा बदललंय असंच धरून चला. इंजिन एवढ्या लवकर म्हातारं होत नाही. प्रश्न असतो गाडी आधी कुणाकडे न्यायची हा. चाकं-ब्रेक बघणारा नेहमीचा मिस्त्री, गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावणारा ऑटो इलेक्ट्रिशियन आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पंप-नोझलची लॅब, हे तिघंही इंदूरात सहज सापडतात.

माझा कौल चाकांपासून सुरुवात करण्याला आहे. नोझल सगळ्यात शेवटी. ‘ॲव्हरेज पडलं म्हणजे नोझल गेले’ हे वाक्य इतकं पाठ झालंय, की चांगले चालणारे नोझलही उगाच उघडले जातात. कॉमन रेलचा (एकाच पाईपातून सगळ्या नोझलना हाय प्रेशरने डिझेल पुरवणाऱ्या पद्धतीचा) नोझल काढला की खालचा तांब्याचा वॉशर नवा लागतो, आणि हाय प्रेशरच्या पाईपात कणभर धूळ गेली तरी नवीनच दुखणं मागे लागतं.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

डॅशबोर्डच्या काट्यावरून काढलेलं ॲव्हरेज काही कामाचं नाही. एकाच पंपावर, एकाच मशीनवर ऑटो-कटपर्यंत टाकी फुल करा, दोन-तीनशे किलोमीटर रोजचंच काम करा आणि तिथेच पुन्हा फुल करा. किलोमीटर मोबाईलच्या जीपीएसशी जुळवून घ्या. गोटे झालेले टायर काढून नवे टाकले असतील तर चाकाचा घेर वाढतो आणि मीटर कमी किलोमीटर मोजतो. ६ मिलिमीटर रबर म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास फरक. पंपावर माप कमी मिळतंय अशी शंका असेल तर ५ लिटरचं शिक्क्याचं माप मागा, तो तुमचा हक्क आहे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा, सकाळी डिझेलचा डाग दिसला तर पुढचं काही वाचायलाच नको.

आणि रस्ता बदललाय का? इंदूरच्या गाड्यांसाठी हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. धामनोदकडून भरलेली गाडी मानपूरचा घाट चढून वर आणायची म्हणजे साडेतीनशे-चारशे मीटरची चढण. गाडी आणि माल मिळून तीन टन धरा. डिझेलमधल्या शक्तीचा साधारण एक तृतीयांश भागच इंजिन चाकांपर्यंत पोचवतं, त्यामुळे नुसतं वजन वर उचलायलाच लिटरभर डिझेल लागतं. उतरताना ते सगळं परत मिळत नाही. देवास-उज्जैनचं सपाट काम करणारी गाडी घाटाखालच्या निमाडच्या फेऱ्यांना लागली तर ॲव्हरेज पडणारच, त्यात मिस्त्रीला करण्यासारखं काही नाही. मंडीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून तास-तास उभं राहणंही याच हिशेबात धरा.

चाकं-ब्रेकवाला मिस्त्री

हा सगळ्यात स्वस्त, आणि त्याची अर्धी तपासणी तुम्ही स्वतःच करू शकता. बायपाससारख्या मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी लावत गाडी चालवा आणि शेवटी तिला आपोआप मंदावू द्या. उतरून हाताची पाठ प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ न्या, टेकवू नका. तीन चाकं कोमट आणि एकाची धग लांबूनच लागत असेल, तर त्याच्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाण्याचे दोन थेंब सोडा. चर्र करून उडाले तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग गेलंय. मग बाकीच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, हॅण्डब्रेक सोडा, गाडी न्यूट्रलला टाका आणि ते चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. मोकळं चाक थोडं फिरून थांबतं, धरलेलं चाक हात काढताच.

पुढच्या चाकांत कॅलिपरचा, म्हणजे डिस्क दाबणाऱ्या पकडीचा, पिस्टन किंवा पिना गंजतात. मागच्या चाकांत ड्रममधला व्हील सिलिंडर किंवा हॅण्डब्रेकची केबल, विशेषतः पावसाळ्यानंतर. एक गोष्ट मिस्त्रीला आवर्जून सांगा: पार्ट बदलण्याआधी चाक धरलेलं असतानाच ब्लीडरची निपल (ब्रेकमधलं ऑईल-हवा सोडायची) जराशी सैल करून बघ. दाब सुटला आणि चाक मोकळं झालं, तर दोष बहुतेक रबरी ब्रेक होजचा किंवा वरच्या मास्टर सिलिंडरचा असतो. होज आतून सुजला की ऑईल जाताना जातं, पण परत येत नाही. सिलिंडर नवा घालूनही चाक पुन्हा धरतं ते यामुळेच.

टायरच्या हवेचं महत्त्व आहे, पण सगळं खापर तिच्यावर फोडू नका. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने चारी टायरची हवा सरासरी १ पीएसआय कमी झाली की ॲव्हरेज साधारण ०.२ टक्के घसरतं. म्हणजे १० पीएसआयची तूट धरली तरी दोन टक्के. बाराचे नऊ होणं म्हणजे २५ टक्के गेले, एवढं नुसत्या हवेने होत नाही.

क्लच घसरतोय का तेही इथेच बघून घ्या. चढावर वरच्या गिअरला दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी तेवढी ओढत नाही, ही त्याची खूण.

स्कॅनरवाला

चाकं थंड आहेत, पण ओढ कमी झाली आणि धूर काळा झाला, तर इथे या. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला, त्यानंतरच्या पिकअपला स्कॅनर लागतोच. त्याआधीच्याही कित्येक कॉमन रेल गाड्यांना लागतो. स्कॅनरवर पी०१२८ हा कोड आला तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकल्याचा संशय घ्या. तसं झालं की इंजिन पुरेसं तापत नाही आणि डिझेल जास्त जातं. पी०२९९ म्हणजे टर्बोचा, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब कमी पडतोय.

पण कोड रोगाचं लक्षण सांगतो, पार्टचं नाव सांगत नाही. पी०२९९ दिसला म्हणून लगेच टर्बो उतरवू देऊ नका. टर्बोकडून इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी होज क्लिपजवळ चिरतो. इंजिन बंद असताना चीर मिटलेली असते, त्यामुळे नजरेतून सुटते. तिथला तेलकट काळा डाग आणि रेस दिल्यावर येणारा सूं आवाज मात्र चुगली करतो. अचानक ॲव्हरेज पडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा) उघडा अडकला किंवा एअर फिल्टर चोंदला तरी धूर काळाच येतो, म्हणून फिल्टर आधी काढून बघा.

या दारातून नुसता कोड पुसून बाहेर पडू नका. लाईव्ह डेटा दाखवायला सांगा: कूलंटचं तापमान, टर्बोचा दाब, रेलचा दाब किती हवा आणि किती मिळतोय. चिकटलेला ब्रेक मात्र स्कॅनरला सहसा दिसत नाही, आणि स्कॅनरचा नंबर दुसरा लागतो तो म्हणूनच.

पंप-नोझलची लॅब

थंड इंजिन उशिरा लागतं, तापल्यावरही पांढरा धूर राहतो, आयडलला टकटक येते, अशा गाडीचं खरं ठिकाण हे. डीपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या. डिझेलने पातळ झालेलं ऑईल इंजिनची बेअरिंग खातं.

लॅबला एकच आग्रह धरा: काही उघडण्याआधी रिटर्न टेस्ट. चारी नोझलच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला, बारीक नळ्या लावून चार पारदर्शक बाटल्यांत सोडतात आणि इंजिन चालू ठेवतात. चारी बाटल्या साधारण सारख्या भरल्या तर त्या बाजूने नोझल ठीक. एक बाटली बाकीच्यांच्या पुढे पळाली, तर गळका नोझल डोळ्यांसमोर असतो. टेस्ट सारखी आली तरी फवारा बिघडलेला असू शकतो, तो मात्र नोझल काढून बेंचवरच कळतो. चारच्या चार बदलायला सांगणाऱ्याला आधी आकडे विचारा.

जुना मेकॅनिकल पंप असेल तर स्कॅनरचं दार बंदच. चाकं मोकळी आणि फिल्टर स्वच्छ निघाले की सरळ लॅबकडे जा, आणि नोझलच्या प्रेशरबरोबर पंपाचं टायमिंगही तपासून घ्या.

पेट्रोल किंवा सीएनजी पिकअपचा क्रम थोडा वेगळा. तिथे चाकांनंतर धूर काळा होण्याची वाट न बघता लगेच स्कॅनर, कारण ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या वाटेवर जळलेल्या वायूतला ऑक्सिजन मोजणारा) पार निकामी झाला असेल तर तो बदलून ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं, असं अमेरिकेचं तेच ऊर्जा खातं सांगतं.

कुठल्याही दारातून सुरुवात केलीत तरी एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि त्यानंतर पुन्हा टाकी फुल ते टाकी फुल मोजा. ब्रेक, होज आणि नोझल एकाच दिवशी केले, तर बिल तिन्हींचं येतं आणि दोष कशात होता ते कळत नाही.