पचनसंस्थेची प्रतिकृती : वर्षभराच्या वापरानंतर

माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवताना गेले वर्षभर मी मानवी पचनसंस्थेची एक प्लास्टिकची प्रतिकृती वापरत आहे. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतचे अवयव एका उभ्या फळीवर बसवलेले आहेत. यकृत आणि जठराचा पुढचा अर्धा भाग लोहचुंबकावर चिकटत असल्यामुळे सहज काढता येतो, आणि सोबत एका रसांकुराची, म्हणजे लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावरील बोटासारख्या सूक्ष्म उंचवट्याची, मोठी करून दाखवलेली स्वतंत्र चकती मिळते. घेण्यासारखी वस्तू आहे, असे मी सुरुवातीलाच सांगतो, आणि त्याचे मुख्य कारण ही चकतीच आहे.

अन्न कोणत्या मार्गाने जाते हे फळ्यावरच्या आकृतीवरूनही समजते. मुलांना अडते ते पुढे, पचलेले अन्न नळीतून बाहेर पडून शरीराचे होते कसे या प्रश्नाशी. चकतीवर रसांकुर उभा कापलेला आहे. बाहेर पेशींचा एकच थर, त्याच्या आत लाल-निळ्या केशवाहिन्यांचे जाळे आणि मधोमध पिवळी लसीकावाहिनी, म्हणजे लसीका हा द्रव वाहून नेणारी नळी. ग्लुकोज आणि अमिनो आम्ले केशवाहिन्यांत शिरून आधी यकृताकडे जातात, तर बहुतेक मेद पेशीत पुन्हा बांधला जाऊन पिवळ्या वाटेने निघतो आणि मानेच्या मुळाशी रक्तात मिसळतो, हे बोट ठेवून दाखवता येते. एका विद्यार्थिनीने त्या पेशींच्या थरावर नख टेकवून विचारले, ‘‘म्हणजे इथपर्यंत अन्न अजून शरीराच्या बाहेरच असतं का?’’ तिचे म्हणणे अगदी बरोबर होते, आणि पुढचा संपूर्ण तास आम्ही त्या एका प्रश्नावरच घालवला. प्रत्यक्षात रसांकुर जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचा असतो, हे मात्र आपण आवर्जून सांगावे लागते, कारण चकतीवर प्रमाण कुठेच छापलेले नाही.

यकृत उचलले की खाली हिरवे पित्ताशय दिसते, आणि त्याची नळी स्वादुपिंडाच्या नळीला मिळून ग्रहणीत, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, उघडते. हा जोड अचूक घडवलेला आहे. लहान आतडे मात्र एकाच साच्यात ओतलेला गोळा आहे. त्याची वेटोळी उलगडत नाहीत, त्यामुळे सुमारे सहा मीटर लांबीची कल्पनाच येत नाही. त्यासाठी मी तेवढी दोरी वर्गात ताणून धरायला लावतो आणि ग्रहणीचे पहिले २५ सेंटिमीटर लाल रंगवतो. मोठ्या आतड्याची घडण ठीकठाक आहे.

माझी खरी तक्रार सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल आहे. पित्तरसात मेद पचवणारे विकर असते, असे त्यात लिहिले आहे. पित्तरसात पाचक विकर नसतेच. पित्तक्षार मेदाच्या मोठ्या थेंबांचे बारीक थेंब करतात आणि ते फोडण्याचे काम मुख्यतः स्वादुपिंडातून येणारे लायपेज करते. पाणी शोषण्याचे काम मोठ्या आतड्याचे, हे दुसरे विधान इतके रुळलेले आहे की ते खोडताना मुलांचा आपल्यावरच विश्वास बसत नाही. रोज लहान आतड्यात सुमारे आठ ते नऊ लिटर द्रव येतो, त्यातला खाण्यापिण्यातून आलेला दोनेक लिटरच असतो, बाकीचे शरीराचेच पाचकरस; आणि या द्रवाचा बहुतांश भाग लहान आतडेच परत घेते, मोठ्या आतड्याकडे साधारण दीड लिटर उरतो. शोषणाचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असल्याचेही पत्रक सांगते, पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत संपूर्ण पचनमार्गाच्या अस्तराचे क्षेत्रफळ सरासरी ३२ चौरस मीटरच्या आसपास आले होते. जी वस्तू वर्षानुवर्षे वर्गात राहणार, तिच्या कागदावर इतका निष्काळजीपणा मला खटकतो. निर्मात्यांना मी दुरुस्त्या लिहून पाठवल्या आहेत.

पत्रक बाजूला ठेवून, काय कुठे शोषले जाते हे दाखवणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या मी आतड्यावरच लावल्या आहेत : लोहाची ग्रहणीवर, जीवनसत्त्व बी-१२ ची लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकावर. बी-१२ ला तिथे शोषून घेण्यासाठी लागणारे प्रथिन जठराच्या अस्तरातून स्रवते, म्हणून तिसरी चिठ्ठी जठरावर लावून ती बी-१२ च्या चिठ्ठीला दोऱ्याने जोडली आहे. जठराचा काही भाग काढलेल्या माणसाला बी-१२ ची कमतरता का भासू शकते, हे त्या दोऱ्यावरून मुले स्वतःच सांगतात.

वर्षभराच्या हाताळणीनंतर रंग कुठेही उडालेला नाही. यकृताचे चुंबक थोडे सैल झाले आहेत, त्यामुळे फळी हलवताना यकृत हाताने धरावे लागते. प्राथमिक वर्गांसाठी सुटे भाग फार लहान आहेत. माध्यमिक आणि त्यापुढच्या वर्गांसाठी मात्र, पत्रकाऐवजी स्वतःच्या टिपणांसह, ही प्रतिकृती जरूर घ्यावी.